कुर्ल्यात निघालेला स्टड

कुर्ला पश्चिमेकडून कालिन्याच्या दिशेने निघालो की सीएसटी रोड लागतो. या नावाचा छत्रपती शिवाजी टर्मिनसशी काही संबंध नाही. 1928 ते 1934 या काळात ट्रॉम्बे ते अंधेरी अशी सेंट्रल साल्सेट ट्रामवे धावत होती. तिचे रूळ गेले, रस्त्याला नाव तेवढे उरले. याच कुर्ल्यात प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता आणि मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी तिथेच तयार होई. कारखाना बंद पडला, ऑक्टोबर 2023 मध्ये पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून उतरली. गाड्या दुरुस्त करणारे हात मात्र कुर्ल्यातच राहिले.

मुख्य रस्त्यावरून आत वळलो की दुकान कुठे संपते आणि गल्ली कुठे सुरू होते ते कळत नाही. एकीकडे सुटी दारे उभी करून ठेवलेली, दुसरीकडे गिअरबॉक्सचा ढीग, मधून चहाची किटली घेऊन पळणारा मुलगा. जमीन तेलाने काळी झालेली. पांढरे कपडे घालून इथे येऊ नये.

आम्ही दोघे भाऊ मुंब्र्याहून आलो ते काचा खाली करून. इंजिनच्या हेडला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड ज्या स्टडवर बसतो त्यातला एक तुटला होता. फटीतून धूर निघायचा आणि त्याचा वास गाडीत भरायचा. हा धूर नुसता घाण नसतो, त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. याच गाडीतून अब्बांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावे लागते. घराजवळच्या गॅरेजने पाहिले आणि सरळ सांगितले, "हेडच बदला." खर्च चाळीस हजारांच्या पुढे. हल्ली बदलणे हाच दुरुस्तीचा अर्थ झाला आहे. बदलायला डोके लागत नाही आणि बिलही मोठे होते.

उस्तादांनी मॅनिफोल्ड उतरवला आणि टॉर्च मारून बराच वेळ नुसते पाहिले. स्टड हेडच्या पृष्ठभागाला लागून तुटलेला, पकडायला काहीच नाही. हा स्टड रोज तापतो, रोज थंड होतो; गंज आट्यांमध्ये असा बसतो की लोखंड आणि हेड एकजीव होतात. आम्हाला वाटले, आता ड्रिल घेतील. उस्तादांनी तेल सोडले, पंच ठेवून छोट्या हातोडीने हलकेच टकटक केली आणि स्टुलावर जाऊन बसले. "घाईवाला काम बाजू के गॅरेज में होता है," असे म्हणून हसले. तेवढ्यात जोहरची अजान झाली. तेलाला त्याचे काम करू द्या, असे सांगून ते मशिदीकडे गेले; आम्हीही गेलो.

भोक पाडून त्यात उलट्या आट्यांचा ईझी-आउट ठोकणे हा एक मार्ग आहे. पण तो कडक पोलादाचा असतो. आत मोडला तर साधे ड्रिल त्याला कापत नाही, मग हेड खरोखरच जाते. म्हणून परत आल्यावर उस्तादांनी आधी बॅटरीच्या वायरी सुटा केल्या, मग स्टडच्या तोंडावर वेल्डिंगचा थेंब चढवला आणि त्यावर मोठा नट ठेवून आतून वेल्ड भरला. हेड अॅल्युमिनियमचे असल्याने लोखंडाचा वेल्ड त्याला चिकटत नाही. तापलेला स्टड फुगून गंज चुरडतो आणि थंड होताना आखडतो. ती फट हवी असते.

पहिला नट पान्यासोबत हातात आला. दुसराही. आम्ही एकमेकांकडे पाहिले. मनात चाळीस हजारांचा हिशेब सुरू झाला होता. तिसऱ्या वेळी उस्तादांनी लाली पूर्ण जाऊ दिली, पाना लावला आणि तो आधी घट्ट करण्याच्या दिशेने किंचित दाबला. मग उलट. पुन्हा सुलट. करकर असा आवाज आला. हाताखालचा पोरगा थेंब थेंब तेल सोडत होता. पाव वळसा पुढे, अर्धा मागे, असे करत वीस मिनिटांत स्टड बाहेर आला. काळा, करंगळीच्या दोन पेरांएवढा.

पुढचे काम सोपे होते. आट्यांतून टॅप फिरवला, नवा स्टड तांब्याची पेस्ट लावून बसवला, नवे गास्केट टाकले, नट मधल्यापासून कडेकडे थोडे थोडे आवळले. थंड इंजिन सुरू करताच पोराने जोडाजवळ तळहात धरला आणि उस्तादांकडे पाहून मान हलवली. आठ-दहा वर्षे तो इथे टिकला तर हे काम राहील. उस्तादांची दोन्ही मुले मोबाइलच्या दुकानात आहेत.

मजुरी घेतली पंधराशे रुपये.

सोमवारी सकाळी सहाला अब्बांना घेऊन निघालो, काचा वर करून. ठाणे मागे पडल्यावर अब्बांनी विचारले, "किती घेतले त्याने?" आकडा ऐकून ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "कमी घेतले. पुन्हा जाल तेव्हा पाचशे आणखी देऊन या. आणि त्या पोरालाही काही द्या."