प्रोटॉन थांबतो कुठे

खारघर, रविवार

ती. अक्कास,


काल फोनवर तू विचारलंस, "दाजींच्या नाकावर शेक दिला तोच ना हा? मग कराड सोडून खारघरला कशाला?" मागे छोटूचा टीव्ही एवढ्या जोरात की धड बोलता येईना. म्हणून लिहायला बसलो.

शेक म्हणजे किरणोपचारच, पण दाजींना दिले ते इलेक्ट्रॉन, छोटूला देणार ते प्रोटॉन. दोन्ही अणूतलेच. विद्युतभार तेवढाच, एकाचा ऋण, दुसऱ्याचा धन. वजनात मात्र एक प्रोटॉन म्हणजे १,८३६ इलेक्ट्रॉन. हा आकडा मी नोकरीभर फळ्यावर लिहिला, पोरांनी परीक्षेपुरता घोकला. इथल्या टाटा मेमोरियलच्या ॲक्ट्रेकमध्ये, २०२३ साली देशाला अर्पण झालेल्या प्रोटॉन केंद्रात, सगळा कारभार त्या आकड्यावर चालतो.

अंगात शिरल्यावर दोघांचीही गाठ पडते ती मुख्यतः आपल्या अणूंतल्या इलेक्ट्रॉनांशी. केंद्रक अणूच्या मानाने इतकं चिमुकलं की त्यावर थेट आदळणं क्वचितच. आता, बाहेरून आलेला इलेक्ट्रॉन आपल्याच वजनाच्या भावंडांना धडकतो, म्हणून दर धडकेला त्याची वाट बदलते. कॅरममध्ये सोंगटीने सोंगटी मारावी तसं. प्रोटॉन हा स्ट्रायकर, पण सोंगटी साडेपाच ग्रॅमची धरलीस तर दहा किलोंचा! तो सरळ जातो. इलेक्ट्रॉन उडवत उडवत मंदावतो आणि जितका मंद, तितका एकेका अणूपाशी जास्त रेंगाळतो, तितकी जास्त ऊर्जा तिथे टाकतो. त्यामुळे सगळ्यात मोठा तडाखा प्रवासाच्या अगदी शेवटी. त्यापुढे जवळजवळ काही नाही. ब्रॅग यांनी हे १९०४ च्या सुमारास अल्फा कणांत पाहिलं. रोग्यांसाठी प्रोटॉन वापरा, असं रॉबर्ट विल्सन यांनी सुचवलं १९४६ मध्ये. हा माणूस नुकताच अणुबाँबच्या कामातून बाहेर पडला होता, हे मला नेहमी आठवतं.

छोटूच्या मेंदूतली गाठ काढली असली तरी डॉक्टर मणक्यालाही शेक द्यायचा म्हणताहेत. नेहमीचे क्ष-किरण पाठीतून शिरले की मणक्यापाशी थांबत नाहीत, पुढे हृदय, आतडी यांनाही प्रसाद देत बाहेर पडतात. प्रोटॉनला मात्र कुठे थांबायचं ते ऊर्जा ठरवून सांगता येतं. एवढ्याशा पोराचं सगळं आयुष्य पुढे पडलंय, म्हणून हा खटाटोप.

मात्र प्रोटॉन भारी आणि इलेक्ट्रॉन हलक्यातला, असं दाजींना अजिबात वाटू देऊ नकोस. त्यांचं दुखणं कातडीत होतं. साठ लाख इलेक्ट्रॉन व्होल्टचा इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने येतो आणि तीनेक सेंटिमीटरांत संपतो. नाकाला तेवढं पुष्कळ. आठवतं ना, शिशाचा पत्रा जखमेच्या आकारात कापून भोवती लावला होता? तेवढ्यावर भागलं. तेवढ्याच ऊर्जेचा प्रोटॉन अर्धा मिलिमीटरही धड जाणार नाही. तो खोलवर, फूटभर आत न्यायचा तर तेवीस कोटी इलेक्ट्रॉन व्होल्टांपर्यंत चढवावा लागतो, आणि त्यासाठीच हे अवाढव्य यंत्र. सुरुवात मात्र साध्या हायड्रोजनपासून. त्याच्या अणूतला एकुलता एक इलेक्ट्रॉन काढून घेतला की उरतो तो प्रोटॉन!

तिसरा गडी न्यूट्रॉन. एखाद्या केंद्रकाला चुकून प्रोटॉनची धडक बसली तर तो सुटतो. भार नसल्यामुळे तो कुणाच्या ओढीला जुमानत नाही, म्हणून भिंती काँक्रीटच्या, भलत्याच जाड.

एक गोष्ट छोटूला आधीच सांगून ठेव. पांढरी जाळीदार प्लास्टिकची शीट गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर बसवतात. गार झाली की त्याच्याच तोंडाचा मुखवटा तयार. तो टेबलाला अडकवतात, कारण डोकं जरासं हललं तरी थांबायची जागा चुकते. त्याला सर्दी झाली तर लपवू नका. नाकाच्या पोकळीत हवेऐवजी शेंबूड भरला की प्रोटॉनची मजल बदलते. हसू नकोस, खरंच सांगतोय.

ऑपरेशनचे कागद आणि एमआरआयची सीडी हातातल्या पिशवीत ठेवा, बॅगेत नको. रात्रीच्या गाडीने निघालात तर कळंबोलीला उतरा, मी न्यायला येतो. दाजींचा रक्तदाबाच्या गोळ्यांचा डबा तेवढा विसरू नका, इथे ऐनवेळी चिठ्ठीशिवाय देत नाहीत.

तुझा,
बाळू