चोर्ला घाटातील मागले चाक

बेळगावहून जांबोटी, कणकुंबी मागे टाकून गोव्यातील साखळीकडे उतरणारा चोर्ला घाट पावसाळ्यानंतर अत्यंत रमणीय दिसतो. कणकुंबीस मलप्रभेचा उगम आहे. परंतु या रानवाटेवर मोटारसायकलचे मागले चाक पंक्चर झाले, तर सृष्टिशोभेहून सावधगिरीच कामास येते.

वाचकहो, गाडी वळणापासून दूर, सपाट व कठीण जागी मधल्या स्टँडवर उभी करावी. इंजिन बंद करावे, सायलेन्सर निवू द्यावा. ड्रम ब्रेकच्या गाडीत प्रथम ब्रेकची दांडी व ब्रेकची थाळी रोखून धरणारी पट्टी सोडवावी. मग एक्सलचा नट ढिला करून, चाक पुढे सारून चेन उतरवावी व एक्सल ओढावा. कोणती बुश कोणत्या बाजूची, हे ध्यानात ठेवावे.

चाक बसविताना दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या असाव्यात. चेन फार ताणू नये. नट आवळून पिन घालावी. ती पट्टी विसरल्यास ब्रेक दाबताच थाळी फिरते आणि चाक जागीच अडकू शकते. म्हणून चाक हाताने फिरवून, ब्रेक दाबून पाहावा. सपाटीवर एकट्यानेच हळू चालवून खात्री करावी. मगच बायकामुलांस मागे बसवून उतार धरावा.