पदर कुणासाठी हलतो

‘शोकेसमध्ये मोठी स्क्रीन लावू या,’ असं दुकानदार हल्ली पहिल्याच भेटीत सुचवतात. साडीच्या दुकानात मला ते पटत नाही. रस्त्यानं जाणाऱ्याच्या हातात मोबाइल असतोच. त्याला थांबवायचं ते काचेमागच्या खऱ्या कापडानं.

तोकुजिन योशिओका या जपानी कलावंतानं २००९ साली टोकियोतल्या गिन्झा भागात एर्मेसच्या दुकानाची शोकेस मांडली होती. पडद्यावर एक स्त्री फुंकर घालते आणि समोर टांगलेला खरा रेशमी स्कार्फ हलकेच झुलतो. त्यात पडद्यापेक्षा रेशीम लक्षात राहतं, म्हणून ते काम मला फार मोठं वाटतं.

पुण्यात गणपतीचे हलते देखावे पाहतच आपण मोठे होतो, तेव्हा नुसत्या हालचालीचं कौतुक कुणाला? पण देखावा गर्दीसाठी हलतो. लक्ष्मी रोडवरच्या शोकेसमधला पदर समोर आलेल्या त्या एकीसाठी हलला पाहिजे.

ती आल्याचं सेन्सरनं ओळखायचं, तर इथे काच आडवी येते. जिन्यातला दिवा आपोआप लावणारा सेन्सर अंगाची ऊब ओळखतो, पण ती ऊब काचेतून त्याच्यापर्यंत पोचत नाही. ध्वनिलहरींवर चालणाऱ्याला काचच माणूस वाटते. म्हणून मी छोटा रडार सेन्सर वापरते. त्याच्या लहरी काचेपार जातात, पण मग त्याला रिक्षाही दिसते आणि पदर हलवणारा मागचा पंखाही. टप्पा कमी करायचा, कोन थोडा खाली वळवायचा, आणि पदर हलत असेपर्यंत सेन्सरचं ऐकायचं नाही, असं सर्किटमध्ये बसवायचं. नाहीतर पदर स्वतःच्याच हालचालीनं दिवसभर हलत राहतो. साधा रडार फक्त हालचाल टिपतो. बाई थबकून निरखू लागली की त्याच्या लेखी तिथे कुणीच नसतं. नेमक्या त्याच क्षणी सगळं बंद पडणं फार वाईट, म्हणून हालचाल काही सेकंद पुढे रेंगाळू द्यावी लागते. कॅमेऱ्यानं हे सोपं होईल. पण नुसतं बघायला थांबलेल्या बाईचा चेहरा टिपणं मला मान्य नाही.

धूपछाव पैठणी असेल तर मी पंखा काढूनच टाकते. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या, त्यामुळे चालणाऱ्याच्या डोळ्यांपुढे रंग आपणहून पालटतो. तिथे मी फक्त दिवा सेन्सरला जोडते. कुणी आलं की तो संथपणे उजळतो, तिरपा, जरीवर सरकणारा. झटकन पेटला तर माणूस दचकतो. एरवी तो मंद राहतो, आणि प्रखर उजेडात दिवसदिवस टांगलेल्या रेशमाचा रंग विटतो, तेही टळतं.

काम सोपवताना गादीवरच्या विक्रेत्यांशी बोलल्याशिवाय मी निघत नाही. बाहेर रंग पालटताना पाहिलेली बाई आत येऊन तीच साडी मागणार. ‘ती डिस्प्लेची आहे, ताई, दुसऱ्या दाखवतो,’ हे उत्तर तिला मिळता कामा नये. म्हणून तशीच एक घडी गादीजवळच्या कपाटात ठेवायला लावते.