तोच तलाव, तीनदा

इंदूरहून मुंबईला जाताना खाली तोच तलाव तिसऱ्यांदा दिसला. ‘‘बाबा, आपण रस्ता चुकलो का?’’ मुलीनं विचारलं. चुकलो नव्हतो, रांगेत होतो! मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. एका वेळी एकच चालते. गर्दी झाली की नियंत्रक विमानांना वरच घिरट्या घालायला लावतात. २०२४ साली सरकारनंच हिशेब मांडला होता : चाळीस मिनिटांच्या घिरट्यांत एका विमानाचं सुमारे १,७०० लिटर इंधन जळतं. म्हणून गर्दीच्या वेळची उड्डाणं-आगमनं ताशी ४६ वरून ४४ वर आणली. आपल्या गाडीच्या टाकीत चाळीस लिटर मावतं, एवढंच मी सांगितलं. मुलीनं बोटांवर भागाकार केला. ‘‘बेचाळीस टाक्या? नुसतं थांबायला?’’ तेवढ्यात पंख कलला, ठाण्याची खाडी दिसली.