फ्रिज 'चिमटा' काढत असेल तर...



आज औषधांबद्दल नाही, घरातल्या विजेबद्दल लिहितोय. सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो.

२०१९ च्या जुलैमध्ये दवाखान्यातल्या मावशी म्हणाल्या, "डॉक्टर, फरशी पुसताना फ्रिजला हात लागला की चिमटा काढल्यागत होतंय." मी म्हणालो, "चप्पल घालून पुसा." छातीत दुखतंय म्हणणाऱ्या पेशंटला मी असं उत्तर कधीच दिलं नसतं!

ऑगस्टमध्ये महापूर आला. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट आहे. पाणी ५५ फुटांच्या पुढे गेलं. दवाखान्यात कमरेएवढं पाणी होतं. ते ओसरल्यावर मी मेन स्विच चालू करायला निघालो, तर वायरमनने अडवलं. "थांबा, बोर्डात अजून वल हाय." त्याने सगळे बोर्ड उघडून वाळवले, वायरिंग मेगरने तपासलं. तेव्हा कळलं, की फ्रिजच्या सॉकेटला अर्थिंगची वायर जोडलेलीच नव्हती. पुरामुळे नव्हे, पहिल्यापासूनच. आणि मावशी रोज ओल्या पायांनी तिथे काम करत होत्या.

मी म्हणालो, "पण एमसीबी आहे की!"

"डॉक्टर, एमसीबी वायर वाचवतंय, माणूस न्हाई."

त्याचं बरोबर होतं. ओल्या अंगाचा विजेला होणारा विरोध साधारण हजार ओहमपर्यंत उतरतो. म्हणजे २३० व्होल्टला शरीरातून सुमारे २३० मिलिअँपियर प्रवाह जाऊ शकतो. १६ अँपियरच्या एमसीबीला तो जाणवतसुद्धा नाही. पण १०-२० मिलिअँपियरला हाताचे स्नायू आवळतात, धरलेली वस्तू सुटत नाही. ५०-१०० मिलिअँपियर छातीतून गेला, तर हृदय नुसतं थरथरत राहतं आणि रक्त पुढे ढकललं जात नाही. माणसासाठी लागते ती ३० मिलिअँपियरची आरसीसीबी. गळती होताच ती क्षणार्धात वीज तोडते.

म्हणून एवढं कराच:

• फ्रिज, गिझर, वॉशिंग मशीन, पाण्याची मोटर यांना थ्री-पिन प्लग आणि चालू अर्थिंग हवंच.
• आरसीसीबी बसवा. तिचं 'टेस्ट' बटण महिन्यातून एकदा दाबून पाहा.
• घरात पाणी शिरू लागलं, तर ते बोर्डापर्यंत पोहोचण्याआधी, कोरड्यात उभं राहून मेन बंद करा. नंतर वायरमनने तपासल्याशिवाय चालू करू नका.
• कुणी चिकटलं तर त्याला हात लावू नका. आधी मेन बंद करा. तो हलत नसेल, श्वास नसेल, तर १०८ ला फोन लावायला सांगून छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा जोरात दाबत राहा.
• शॉकनंतर चक्कर, धडधड किंवा बेशुद्धी आली असेल, तर बरं वाटलं तरी ईसीजी काढून घ्या.

चिमटा हे लक्षण आहे, त्याचं कारण शोधायला हवं. मावशींनी मला वेळेवर सांगितलं होतं, मीच ऐकलं नाही. पूर आला नसता, तर त्या फ्रिजचं सॉकेट कुणी उघडलंही नसतं. तुम्ही पुराची वाट पाहू नका.