चाकणच्या वाटेवर, पायाखाली बघत

दोस्तांनो, निगडीची दुर्गा टेकडी पाहिलीय का तुम्ही? सकाळी सहाला जा. पिंपरी-चिंचवडमधले निम्मे आजोबा तिथं हात वर करून खो-खो हसताना दिसतील. घाबरू नका, हास्यक्लब असतो तो! आपण मात्र हसणाऱ्यांकडे बघायचं नाही, त्यांच्या पायाखाली बघायचं. तिथं आहे काळा पाषाण, आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला, थिजला, त्यावर पुन्हा वाहिला. थरावर थर! आपलं घर, शाळा, बसस्टॉप, सगळं त्या थरांवर बसलंय.

माझा भाचा ओंकार सातवीत आहे. त्याला टेकडीवरून गाव दाखवत होतो. खाली जे पसरलंय ते किती नवं आहे सांगू? १९५४ साली पिंपरीला पेनिसिलिनचा सरकारी कारखाना, हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, स्थापन झाला. १९६२ साली एमआयडीसी आली. १९७२ साली नवनगर प्राधिकरण झालं आणि १९८२ साली महानगरपालिका. त्याआधी इथं चिंचवड, भोसरी, आकुर्डी अशी गावं होती, ज्वारी-बाजरीची शेतं होती आणि पवनेकाठी मोरया गोसावींची समाधी होती. म्हणजे तुमच्या आजोबांनी शेत पाहिलं, बाबांनी चाळ पाहिली, आणि तुम्ही बघताय बारा मजली टॉवर!

ओंकार म्हणाला, "मामा, एवढा टणक दगड खाली आहे, मग आपल्याला भूकंपाची भीती नाही ना?"

हेच तर सगळ्यांना वाटायचं! मोठमोठी माणसंही म्हणायची, की दख्खनचं पठार म्हणजे पोलादी पाट, ते कशाला हलतंय? मग १९९३ साल उजाडलं. २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. रात्री गणपती बोळवून माणसं दमून झोपली, आणि ३० तारखेच्या पहाटे, चार वाजायच्या जरा आधी, लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीची जमीन हादरली. भूकंपाची तीव्रता होती ६.२ च्या आसपास. लातूर आणि उस्मानाबाद (आताचं धाराशिव) मिळून सुमारे दहा हजार माणसं गेली. किल्लारीखालीही हाच काळा पाषाण आहे बरं! आणि तेव्हाच्या भूकंपाच्या नकाशात तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात रंगवलेला होता.

माणसं मेली ती जमीन हलली म्हणून नाही, भिंती पडल्या म्हणून. मराठवाड्यातलं माळवदाचं घर आठवा. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती, वर लाकडी तुळया आणि त्यावर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात काय गारवा असतो! पण दगडाला दगड धरून ठेवायला मधे नुसता चिखल. भिंत फुटली आणि वरची टनभर माती खाली आली. नंतर ५२ गावं नव्या जागी वसवली. नव्या घरांच्या भिंतींत सिमेंट-सळईच्या आडव्या पट्ट्या घातल्या, पिंपाला कडी घालतात तशा.

आता आपल्याजवळचं बघू. कोयनानगर इथून सरळ रेषेत सुमारे १३५ किलोमीटर. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे तिथं मोठा भूकंप झाला, सुमारे १८० माणसं दगावली. हादरा पुण्यामुंबईपर्यंत जाणवला. तिथं आजही लहान धक्के येतात. शास्त्रज्ञांनी त्या भागात गोठणे गावाजवळ तीन किलोमीटर खोल भोक पाडून पाहिलं. वरचा काळा पाषाण सव्वा किलोमीटरच्या आसपास संपतो, त्याखाली लागतो जुना ग्रॅनाइट. आपला पोलादी पाट म्हणजे जुन्या तडकलेल्या फरशीवर घातलेली सतरंजी आहे म्हणा ना!

चला, एक गणित करा. भूकंपाच्या दोन मुख्य लाटा. पहिली सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर धावते, दुसरी साडेतीन. जास्त मोडतोड करते ती दुसरी. कोयनेहून निघाल्या तर आपल्याकडे कधी पोचतील? ओंकारनं बोटावर केलं: पहिली बावीस-तेवीस सेकंदांत, दुसरी अडतीस-एकोणचाळीस सेकंदांत. मधे उरतात पंधरा-सोळा सेकंद! पहिला बारीकसा थरार ओळखता आला, तर टेबलाखाली शिरायला एवढे पुष्कळ झाले. २००२ सालच्या नकाशात पुणे परिसर तिसऱ्या पट्ट्यात आहे आणि कोयना चौथ्यात. म्हणजे घाबरून झोप उडवायची नाही, पण घर बांधताना डोळेझाकही करायची नाही.

टेकडी उतरून आम्ही बस पकडली. भोसरीला गाडी बदलायची आणि नाशिक रस्त्यानं चाकण. भोसरीच्या एमआयडीसीत एक गंमत आहे. प्रेसच्या शॉपजवळ राहणाऱ्यांच्या मांडणीवरची भांडी दिवसभर किणकिणत असतात. तिथल्या पोरांना भूकंप आला तरी वाटेल, दुसरी पाळी सुरू झाली! पण ओंकारनं खिडकीतून एक बघितलं ते मला आजवर सुचलं नव्हतं. पत्र्याच्या घरांवर दगड ठेवलेले असतात ना, वाऱ्यानं पत्रा उडू नये म्हणून? "मामा, जमीन हलली तर ते दगड कुठं जातील?" दारात जातील, दुसरं कुठं! धावत बाहेर येणाऱ्याच्या डोक्यावर. पत्रा हुकांनी आणि बोल्टनं आवळला तर दगडांची गरजच नाही.

मोशीला उंच इमारती लागल्या. वर भिंतींनी गच्च भरलेले मजले, खाली नुसते खांब आणि मोटारी. २६ जानेवारी २००१ ला सकाळी कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादमध्ये अशा कितीतरी इमारती बसल्या. वरचा भाग जड आणि ताठ, खालचा पोकळ, मग सगळा झोल खालच्या खांबांवर येतो. पार्किंग असलेली प्रत्येक इमारत धोक्याची असते असं मुळीच नाही. इंजिनिअरनं ते खांब त्या हिशेबानं जाड आणि मजबूत करायचे असतात. केलेत की नाही, हे बाहेरून दिसत नाही, ही खरी पंचाईत.

इंद्रायणीचा पूल ओलांडला. नदीकाठची भुसभुशीत आणि भराव घातलेली जमीन कातळापेक्षा जास्त हलते, एवढं लक्षात ठेवा आणि पुढं चला. चिंबळी फाटा, कुरुळी, मोटारींनी लादलेले लांबच लांब ट्रेलर, आणि आलं चाकण!

चाकणला गेलात तर संग्रामदुर्ग बघितल्याशिवाय परतू नका. १६६० साली शाहिस्तेखानानं वेढा दिला आणि फिरंगोजी नरसाळ्यांनी मूठभर मावळ्यांनिशी हा भुईकोट जवळजवळ दोन महिने लढवला. शेवटी मोगलांनी बुरुजाखाली सुरुंग खणला आणि उडवून दिला. तटबंदी वरून कितीही भक्कम असो, खालून हादरा बसला की काय होतं, ते चाकणकरांना साडेतीनशे वर्षांपूर्वीच कळलं होतं!

माझी ताई, म्हणजे ओंकारची मावशी, चाकणलाच राहते. तळमजल्यावर किराण्याचा गाळा, वर घर, आणि आता त्यावर चार खोल्या चढवायचं काम चाललेलं. कंपन्यांत कामाला येणाऱ्या पोरांना खोल्या लागतात, ताईला भाडं लागतं. रविवारी स्लॅब पडायचा होता. आम्ही गच्चीत गेलो तर बारबेंडर रिंगा वाकवत होता. रिंग म्हणजे खांबातल्या उभ्या सळयांभोवती बांधतात ते चौकोनी कडं.

ओंकारच्या कंपासपेटीत कोनमापक होतं. त्यानं सहज लावलं. रिंगेची टोकं ९० अंशात दुमडलेली! भूकंपाच्या नियमानं, आपल्या तिसऱ्या पट्ट्यात, ती १३५ अंशात हवीत; टोक खांबाच्या पोटात रुतलं पाहिजे. का? मोळी आठवा. बंध घट्ट असेल तर मोळी फेकली तरी सुटत नाही. बंध सुटला की काटक्या चारी दिशांना. जोराच्या हादऱ्यात खांबावरचं बाहेरचं काँक्रीट गळून पडतं, ९० अंशातलं टोक उघडतं आणि सळया फाकतात. १३५ मधलं टोक आत अडकून राहतं.

"रिंगा अशाच वाकवतात, बाळा," बारबेंडर म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. त्याला तसंच शिकवलेलं होतं. ताई वैतागली. "मुहूर्त काढलाय, सेंटरिंगचं भाडं चढतंय, आणि तुम्ही मामा-भाचे कोन मोजताय!" पण रात्री ती झोपली नाही. सकाळी उठून तिनं स्वतःच परवानाधारक इंजिनिअरला फोन केला. तो आला, त्यानं रिंगा बघितल्या, मग खालचे जुने खांब बघितले आणि विचारलं, "हे किती मजल्यांसाठी बांधले होते?" कुणाला आठवेना. स्लॅब पुढं गेला. आधी जुन्या खांबांची तपासणी, मग वरचं काम. चार खोल्यांच्या दोनच होतील, असंही तो म्हणाला. दोन खोल्यांचं भाडं बुडालं म्हणून ताई दिवसभर कुणाशी धड बोलली नाही.

भाऊजी मात्र निवांत. "काही झालं तरी विमा आहे की! कर्ज घेताना काढलाय." फाईल आणली. वाचली. विमा होता भाऊजींच्या आयुष्याचा! म्हणजे भाऊजींचं बरंवाईट झालं तर कर्ज फिटेल. घर पडलं आणि भाऊजी ठणठणीत राहिले, तर दमडी नाही आणि हप्ते चालूच. मुलांनो, तुमच्या घरीही ती फाईल असेल. आईबाबांना काढायला सांगा आणि विमा कुणाचा आहे, माणसाचा की घराचा, एवढंच वाचा.

घराच्या विम्यासाठी १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारख्या नियमांची पॉलिसी मिळते. आग, पूर, दरड आणि भूकंप, सगळं त्यात धरलेलं असतं. किती रकमेचा काढायचा? भाऊजी म्हणाले, "घराची किंमत साठ लाख." ओंकार लगेच, "पण जमीन कुठं पडते?" बरोब्बर! विमा बाजारभावाचा नाही, पुन्हा बांधायच्या खर्चाचा. समजा घर ६०० चौरस फूट आणि बांधायला फुटाला दोन हजार रुपये लागतात, तर झाले बारा लाख. त्याच्या २० टक्के, म्हणजे २ लाख ४० हजार, घरातल्या सामानासाठी आपोआप मिळतात (कमाल मर्यादा १० लाख). दागिन्यांचं मात्र वेगळं सांगावं लागतं, आणि खालच्या किराण्याच्या गाळ्याचा विमाही वेगळा.

"आणि भाडेकरू पोरांच्या कॉटी, सायकली?" ताईनं विचारलं. दिवसभरातलं तिचं पहिलं वाक्य! ते ज्याचं त्यानं. भाडेकरूला फक्त आपल्या सामानाचा विमा काढता येतो.

त्या रात्री ओंकारचं अंथरूण घातलं होतं पितळी हंड्यांच्या फळीखाली. त्यानं वर बघितलं आणि काही न बोलता अंथरूण ओढून पलीकडे नेलं. मग भाऊजींनी हंडे खाली उतरवले, कपाट भिंतीला पट्टीनं ठोकलं. ताईनं ओंकारकडून तालीमही करून घेतली: खाली झुका, टेबलाखाली डोकं लपवा, टेबलाचा पाय धरून ठेवा. हलायचं थांबलं की गॅसचा रेग्युलेटर बंद, मेन स्विच बंद, आणि जिन्यानं मोकळ्या जागेत. लिफ्टला हात लावायचा नाही. मदतीला फोन ११२.

परत आल्यावर ओंकारनं आपल्या सोसायटीचं मेंटेनन्सचं बिल काढलं. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत लिहिलंय, की संस्थेनं इमारतीचा आगीचा आणि भूकंपाचा विमा काढलाच पाहिजे. पंधरा वर्षांहून जुन्या इमारतीची दर पाच वर्षांनी आणि तीस वर्षांहून जुन्या इमारतीची दर तीन वर्षांनी तपासणीही सांगितलीय. बिलात पाणी होतं, लिफ्ट होती, पार्किंग होतं, 'विमा' असा शब्दच नव्हता. बिल घेऊन तो सेक्रेटरीकाकांकडे गेला. काकांनी चष्मा पुसला, बिल उलटंसुलटं करून बघितलं आणि म्हणाले, "फाईल शोधतो रे."

याला आता तीन आठवडे झाले. ओंकार रोज संध्याकाळी जिन्यात उभा राहून काकांना नमस्कार करतो.