एका रिव्हॉल्व्हरची खरेदी

धर्मगुरूच्या लेखणीला हा विषय शोभणारा नाही, असे काही वाचकांना वाटेल. लिहावयास बसेपर्यंत मलाही तसेच वाटत होते. परंतु परमेश्वर आपल्याशी कोणत्या वस्तूच्या मुखाने बोलेल, हे ठरविण्याचा अधिकार त्याने आपल्याकडे दिलेला नाही.

२०१८ सालच्या उन्हाळ्यात अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या एका लहानशा धर्मग्रामात सहा आठवडे सेवा करण्याचा योग आला. तेथील फादर रजेवर गेले होते. त्या देशात मोटार चालविण्याचे धाडस मला नव्हते. म्हणून आजाऱ्यांच्या भेटीला नेण्या-आणण्याचे काम धर्मग्रामातील एका वृद्ध गृहस्थांनी आपणहून पत्करले. वय अठ्ठ्याहत्तर. पत्नी निवर्तलेली. सारी हयात कारखान्यात लेथवर गेलेली. सकाळच्या मिस्साला पहिल्या बाकावर त्यांची जागा ठरलेली असे. अशा सज्जन माणसाच्या तळघरात, कुलूपबंद पोलादी कपाटात, अकरा जुनी रिव्हॉल्व्हर आहेत, हे कळले तेव्हा मी मनातल्या मनात क्रूसाची खूण केली.

आपल्या वसईकडच्या माणसाला बंदूक ठाऊक असते ती पोलिसाच्या खांद्यावरची. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यान्वये परवान्यावाचून पिस्तूल बाळगणे हा गुन्हा आहे. अमेरिकेत गोष्ट निराळी आहे. तेथील १९६८ च्या कायद्याने १८९८ पर्यंत घडविलेली शस्त्रे पुराणवस्तू मानली. त्यानंतरची, पण पन्नास वर्षांहून जुनी असलेली शस्त्रे संग्राह्य वस्तूंच्या वर्गात येतात आणि त्यांच्यासाठी संग्राहकाचा वेगळा परवाना असतो. आमच्या या गृहस्थांकडे तो परवाना होता. घेतलेल्या प्रत्येक शस्त्राची नोंद ते एका बांधीव वहीत, पूर्वीच्या तलाठ्याच्या काटेकोरपणाने ठेवीत. "मी आजवर हरणसुद्धा मारलेले नाही, फादर," ते म्हणाले, "मला फक्त माणसाने लोखंडाकडून काय काय करवून घेतले, ते पाहायला आवडते."

एका शनिवारी ते म्हणाले, "आज माझ्याबरोबर चला. चाळीस वर्षे जे शोधत होतो, ते सापडले आहे."

वाटेत त्यांनी त्या शस्त्राची कुळकथा सांगितली. त्याचे नाव वेब्ली-फॉसबेरी. त्याचा जनक जॉर्ज फॉसबेरी हा हिंदुस्थानातील बंगाल सैन्याचा अधिकारी होता. १८६३ मध्ये वायव्य सरहद्दीवरील अंबेला मोहिमेत एक गमावलेले ठाणे परत जिंकताना दाखविलेल्या शौर्याबद्दल त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. निवृत्तीनंतर तो शस्त्रांच्या रचनेत रमला. १८९५ मध्ये त्याने या कल्पनेचे पेटंट घेतले आणि १९०१ पासून इंग्लंडच्या वेब्ली कंपनीने ते रिव्हॉल्व्हर विकावयास आणले. एकंदर पाच हजारही निघाले नसतील. ब्रिटिश सैन्याने ते अधिकृतपणे कधी स्वीकारले नाही, तरी पुष्कळ अधिकाऱ्यांनी स्वतःच्या पैशाने ते घेतले. पहिल्या महायुद्धातील खंदकांच्या चिखलाने त्याची नाजूक यंत्रणा अडू लागली आणि त्याची सद्दी संपली. पुढे डॅशिएल हॅमेट यांच्या १९३० सालच्या 'द माल्टीज फाल्कन' या रहस्यकादंबरीत खुनाचे हत्यार म्हणून ते अजरामर झाले. आमच्या गृहस्थांनी ती कादंबरी तरुणपणी वाचली होती. ओढ तेव्हापासूनची.

विकणारी बाई विधवा होती. संग्रह तिच्या पतीचा. तिने स्वयंपाकघरातील मेजावर फ्लॅनेलचे कापड पसरले, त्यावर ते रिव्हॉल्व्हर ठेवले आणि स्वतः दोन पावले मागे सरकून उभी राहिली. "आता घरात नातवंडे येतात," ती म्हणाली. "कुलूप कितीही चांगले असले तरी किल्ली माणसाच्याच हाती असते."

गृहस्थांनी आधी ते बिजागरीवर उघडून सहाही घरे रिकामी असल्याची खात्री केली, मलाही दाखविली. मग भिंग काढून तपासणी सुरू झाली. निरनिराळ्या भागांवरील क्रमांक जुळतात का? मुठीवरचे आवरण मूळचेच आहे का? आणि मुख्य म्हणजे, पोलादावरची निळसर झिलई मागाहून दिलेली तर नाही ना? मला वाटले होते, चकचकीत वस्तूची किंमत अधिक असेल. ते हसले. "उलट आहे, फादर. कोणी नवी झिलई दिली की खुणा बुजतात आणि किंमत घसरते. झिजलेले चालते, लपविलेले चालत नाही." कुमसाराच्या संस्कारावर मी इतकी वर्षे प्रवचने केली, पण इतके नेमके वाक्य मला सुचले नव्हते.

तपासणी संपल्यावर त्यांनी ते माझ्या हाती दिले. ते अपेक्षेपेक्षा पुष्कळ जड होते. खोटे कशाला बोलू? ते सुंदरही होते. फिरत्या चक्राच्या अंगावर कोरलेली नागमोडी खाच एखाद्या जुन्या वेदीवरील वेलपत्तीसारखी दिसत होती. आणि ती शोभेसाठी नव्हती. हेच त्या शस्त्राचे रहस्य.

साध्या रिव्हॉल्व्हरमध्ये दर गोळीला घोडा चढतो आणि चक्र फिरते ते माणसाच्या बोटाच्या बळाने. येथे तसे नाही. गोळी सुटली की तिच्या धक्क्याने नळी आणि चक्र दोन्ही मिळून चौकटीवरून मागे सरकतात आणि घोडा आपोआप चढतो. मग स्प्रिंग त्यांना पुढे ढकलते. चौकटीतील एक खुंटी त्या नागमोडी खाचेतून धावत असते. तिच्यामुळे चक्र थोडे मागे जाताना आणि थोडे पुढे येताना फिरते आणि नवी गोळी नेमकी नळीसमोर येऊन थांबते. म्हणजे सुटलेल्या गोळीचा धक्काच पुढच्या गोळीची सिद्धता करतो. बोटाला उरते ते केवळ हलकेसे चाप ओढणे.

"पण पहिल्या गोळीच्या वेळी कोण मागे सारते?" मी विचारले.

"ते आपल्याच हाताने करावे लागते," ते म्हणाले. "आणि आणखी एक गोम आहे. मूठ घट्ट आवळून धरली तरच हे चालते. हात सैल पडला, मनगट धक्क्याबरोबर मागे गेले, की घोडा पुरता चढत नाही. यंत्र थांबते."

ते सौद्याचे बोलू लागले. काही हजार डॉलरांचा व्यवहार होता. मी मात्र त्या स्वयंपाकघरात उरलो नव्हतो.

वडिलांच्या पश्चात आमच्या वाडीच्या कडेची एक पट्टी माझ्या थोरल्या बंधूंनी रस्त्यासाठी देऊन टाकली, मला न विचारता. धर्मगुरूला वाडी कशाला हवी, असा त्यांचा विचार असावा. मी त्यांना एक पत्र लिहिले. सेमिनरीत कमावलेली सारी तर्कशुद्धता त्या पत्रात ओतली होती. त्यावर त्यांनी चर्चच्या आवारात चारचौघांत मला दोन शब्द सुनावले. त्या शब्दांच्या धक्क्याने माझ्याकडून दुसरे पत्र गेले. मग त्यांनी आईच्या वर्षश्राद्धाच्या मिस्साला मला बोलावले नाही. मग मी पुतणीच्या लग्नाचा मिस्सा अर्पण करण्यास कामाची सबब सांगून नकार दिला. नऊ वर्षे. प्रत्येक वेळी मला प्रामाणिकपणे वाटत होते की मी केवळ उत्तर देत आहे. आणि या नऊ वर्षांत क्षमेवर मी किती प्रवचने दिली, याचा हिशेब प्रभूच्या वहीत असेल.

पहिले पत्र मात्र माझ्याच हाताने गेले होते. आणि मूठ मी एकदाही सैल होऊ दिली नव्हती.

परतीच्या वाटेवर गृहस्थांनी पेटी मांडीवर घेतल्यासारखी शेजारी जपून ठेवली होती. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारले, "फादर, हे पाप आहे का? आणि नसेल, तर तुम्ही याला आशीर्वाद द्याल का?"

सेमिनरीत आम्हाला शिकविले होते की कोणत्याही कृतीचे मोल कृतीचा विषय, हेतू आणि परिस्थिती या तिन्हींवरून करावे. मी तसे केले. ते गृहस्थ कोणाचे वाईट चिंतीत नव्हते. शस्त्र रिकामे होते, कपाटाला कुलूप होते, वहीत नोंद होती, आणि एका आजीच्या घरातून धोका बाहेर पडला होता. मला त्यात पाप दिसले नाही. आसक्तीचा प्रश्न त्यांच्या विवेकावर सोडला. पण आपल्या पश्चात ही किल्ली कोणाच्या हाती जाईल, हे आजच लिहून ठेवा, एवढे मी सांगितले. आशीर्वाद मात्र मी रिव्हॉल्व्हरला दिला नाही. गेथसेमनीच्या बागेत प्रभूने पेत्राला तलवार म्यानात घालावयास सांगितले, तिला आशीर्वाद दिला नाही. मी त्या वृद्धाच्या हातांना आशीर्वाद दिला. त्यांनी मोटार रस्त्याच्या कडेला थांबवून, टोपी काढून तो घेतला.

"आणि तुम्ही?" ते म्हणाले. "तेथे तुमचा चेहरा उतरला होता."

मी त्यांना सारे सांगितले. ऐकून घेऊन ते इतकेच म्हणाले, "मनगट सैल करा, फादर."

मायदेशी परतल्यावर तिसऱ्या दिवशी मी बंधूंच्या घरी गेलो. पूर्वसूचना दिली नाही. पत्र तर मुळीच लिहिले नाही. वहिनींनी दार उघडले, क्षणभर पाहत राहिल्या आणि पाणी आणावयास आत गेल्या. दादा ओटीवर बसून होते. मी म्हणालो, "दादा, ते पहिले पत्र मी लिहावयास नको होते." ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "रस्त्याच्या बाबतीत माझे बरोबरच होते." माझ्या जिभेवर उत्तर तयार होते, आणि ते चांगले, मुद्देसूद उत्तर होते. मी ते गिळले.

तो रस्ता आजही तेथेच आहे आणि त्याबाबत आमचे एकमत झालेले नाही. परंतु गेल्या नाताळात पुतणीच्या धाकट्याचा बाप्तिस्मा माझ्या हातून झाला. पाणी ओतताना दादांनी मेणबत्ती धरली होती.

ओहायोच्या गृहस्थांचे ईस्टरला कार्ड येते. रिव्हॉल्व्हर कपाटात आहे, एकदाही उडविलेले नाही, असे ते दर वर्षी न चुकता कळवितात. मीही त्यांना माझे तसेच कळवितो.